इतिवृत्तात न आलेलं

तार्तू, फेब्रुवारी. नदी गोठलेली.
दुसऱ्या मजल्यावर आम्ही सहा जण, एक किटली,
आणि बावीस वर्षांपूर्वीचा सी-मधला कोड,
ज्याला आता कुणी मोकळ्या हाताने शिवत नाही.
इतिवृत्त लिहायचं काम माझ्याकडे.
विषय एकच: पॅकेज मॅनेजर नव्याने लिहायचा.
कुठल्या भाषेत?

तार्मो उभ्यानेच म्हणाला, रस्ट.
वर्षभरातले सात अपघात त्याने फळ्यावर मांडले,
पाच एकाच घराण्यातले.
सोडून दिलेल्या जागेत कोड पुन्हा शिरला होता,
जशी सोडलेल्या घराची किल्ली
खिशातच राहावी
आणि रात्री पावलं सवयीने तिकडेच वळावीत.
"ही भाषा किल्ली परत मागून घेते," तो म्हणाला,
"उंबऱ्यावरच."

लीसला पायथन हवं होतं.
"रात्री तीनला फोन मला येतो.
तेव्हा मला कोड वाचायचा असतो,
त्याचं कौतुक करायचं नसतं."
आणि पायथनच मोडलं तर? कुणीतरी विचारलं.
ते दुरुस्त करायला पॅकेज मॅनेजर,
पॅकेज मॅनेजर चालायला पायथन.
दोरच विहिरीत पडला
तर तो काढायला दोर कुठून आणायचा?
लीस हसली नाही. किटली पुन्हा लावली.

गो-चं नाव निघालं, दहा मिनिटं टिकलं.
ओकॅमलचं नाव काढणाऱ्याला
सगळ्यांनी प्रेमाने बिस्किट दिलं.

उर्वे खिडकीशी मँडरिन सोलत बसलेली.
जुना कोड तिचा. निवृत्त होऊन चार वर्षं झाली,
आज मुद्दाम बोलावलेली.
तिसऱ्या तासाला तिने विचारलं,
"आणि पेइप्सीवरचं मशीन?"

कुठलं?
बर्फाची जाडी मोजणारं. बत्तीस बिटचं.
मुस्त्वेला वेल्लोच्या शेडमध्ये, जाळ्यांच्या मागे.
तो आकडा बघून माणसं सरोवरावर उतरतात.
तुमच्या नव्या कंपायलरला तो प्रोसेसर
माहीतच नाही.

"मशीन बदलू," तार्मो म्हणाला.
"बदला की.
मी माझ्या कोडची वकिली करायला आलेली नाही.
त्यातली भोकं माझ्याइतकी कुणाला ठाऊक?
पाडा तो.
फक्त पाडण्याआधी
वर कोण उभं आहे ते बघून घ्या."
आणि साली कागदात गुंडाळून
स्वतःच्याच पर्समध्ये टाकल्या.

जेवणाच्या सुट्टीत मी तिची फाइल उघडली.
ओळ दोन हजार एकशे चाळीस.
तिथे एक टीप, एस्टोनियन नव्हे, इंग्रजीही नव्हे,
दक्षिणेकडच्या तिच्या व्होरो बोलीत:
"इथे हात लावू नका.
का, ते आता आठवत नाही.
पण मी एकदा लावला होता."
सहांपैकी दोघांनाच ती वाचता येत होती.
दुसरी मी.
माझी आई त्याच बोलीत रागवायची.

ठराव: रस्ट. पाच विरुद्ध एक.
उर्वेचा हात सगळ्यांत आधी वर गेलेला.
लीसचा विरोध नोंदवला, तिच्याच शब्दांत.
पेइप्सीसाठी जुनी आवृत्ती दोन वर्षं चालू ठेवणे.
जबाबदारी, या रकान्यापुढे
कुणीच काही बोललं नाही.
मी माझं नाव लिहिलं आणि पान उलटलं.

सोमवारी सकाळी कोऱ्या मशीनसमोर बसले.
नवी भाषा आणायची तर आणणार कोण?
तोच.
जुन्यालाच आज्ञा दिली.
त्याने यादी केली, बेरीज केली,
जागा पुरते का ते पाहिलं,
आणि नेहमीच्या सुरात विचारलं,
पुढे जाऊ? हो / नाही

मी कोट काढला, खुर्चीला लावला,
चहा आणून ठेवला.
मग हो म्हटलं.

एकेचाळीस पॅकेजेस.
आपल्या जागी येणाऱ्याचं सामान
एकेक करून
त्यानेच आत नेऊन ठेवलं.